ग्लेनिसची हाक

रात्रभर घोंघावून वारा पहाटेला जरा दमला होता. समुद्र ओसरून पार लांब गेलेला. मागे राहिलेली ओली वाळू सारवलेल्या अंगणासारखी सपाट दिसत होती, आणि वर आभाळ धुऊन वाळत टाकलेल्या घोंगडीगत खाली लोंबत होतं. पाऊस मात्र येणार नव्हता. ब्रॅकन्सी गावच्या माणसांना हे सांगावं लागत नाही, नाकाला कळतं.

ग्लेनिस हार्डकॅसल दुकानाच्या मागच्या दारात उभी राहून मासा बघत होती. तळलेला मासा आणि बटाटे विकण्यात तिची हयात गेली. तिच्या आईचीही त्यातच गेली होती. जाता जाता आईनं एकच इस्टेट दिली. माणसाच्या तोंडाकडं बघू नये, माशाच्या डोळ्याकडं बघावं.

"हा कालचा आहे," ग्लेनिस म्हणाली.

"आगं बया! पहाटं बोटीवरनं उतारलाय त्यो," मासेवाला टॉमी म्हणाला. "आजून आपण मेलोय ह्येच त्याला ठावं न्हाई."

"डोळा बघ त्याचा. साय धरलीय."

टॉमीनं मासा नाकाशी नेला, डोळा बघितला, मग ग्लेनिसकडं बघितलं. "भिंगावानी लख्ख हाय डोळा. हल्ली तुला समद्या दर्याचंच मासं शिळं दिसाया लागल्यात."

"हल्ली तू लबाड झालायस. टाक तिथं. तळल्यावर वास आला तर तुझ्या दारात आणून ओतीन."

टॉमी गेला. आत तिचा नवरा क्लिफ बटाटे सोलत होता आणि नेहमीसारखा गप्प होता. त्याच्या गप्प राहण्याचाही ग्लेनिसला अधूनमधून संशय येई. बाईचा स्वभावच तसा. गिऱ्हाइकांनी व्हिनेगर जास्त शिंपडलं की ही लोकं घरी बाटलीत भरून नेतात, असं तिला वाटायचं. शेजारणीनं केक आणून दिला तर ती आधी तो क्लिफला खायला घालायची आणि घटकाभर वाट बघायची.

अशी बाई पतंगाच्या नादी लागली कशी, याचं गावाला अजून नवल वाटतं. तेही संशयापायीच झालं. एका हिवाळ्यात दुकान बंद करून ती वाळूवर फिरायला गेली होती. तिथं बसचा म्हातारा ड्रायव्हर रेजी दोन दोऱ्यांचा मोठा पतंग खेळवत होता. आपल्याकडच्यासारखी काटाकाटी नाही, मांजा नाही. दोन्ही मनगटांना पट्टे, डावी दोरी ओढली की पतंग डावीकडं वळणार, उजवी ओढली की उजवीकडं. आभाळाच्या पाटीवर माणूस नुसती अक्षरं गिरवल्यासारखा पतंग फिरवत राहतो. या मंडळींची एक रीत आहे. जवळ येऊन कुणी उभा राहिला की नाव-गाव न विचारता पट्टे सरळ त्याच्या हातात द्यायचे. रेजीनं तेच केलं. "धर जरा," म्हणाला, आणि वाळूच्या टेकाडामागं लघवीला गेला.

तो काही लवकर परत येईना. ग्लेनिसला वाटलं, हा कुठून तरी लपून बघतोय, माझी फजिती करतोय. पतंग खाली पडला तर म्हणणार, बाई, मोडलास, भरून दे. म्हणून तिनं दातओठ खाऊन तो वर ठेवला. खांदे भरून आले तरी ठेवला. रेजी आला तेव्हा ती घामानं निथळत होती. "हलकट माणसा, कुठं होतास?" असं म्हणून तिनं विचारलं, "पुढच्या रविवारी येणार आहेस का?"

हळूहळू त्यांची चौकडी जमली. ग्लेनिस, रेजी, केस कापायचं दुकान चालवणारी मॉइरा, आणि एक जण जो पुढं मुलीकडं राहायला गेला. चौघांचे चार सारखे लाल पतंग, एकामागून एक. असं उडवताना चौघांनी आपापल्या डोक्यानं चालून भागत नाही. एकानं हाक द्यायची. "डावीकडं..." म्हणून आधी सांगून ठेवायचं आणि नेमक्या क्षणाला "हां!" म्हणायचं. त्या "हां"वर चौघांचेही हात एकदम हलायला हवेत. उकळत्या तेलाच्या आवाजावर ओरडून ग्लेनिसचा गळा तयार झालेला. हाक तिच्याकडं आली आणि तिच्याकडंच राहिली. दुकानावर नाव अजून तिच्या आईचं होतं, घराचा कागद क्लिफच्या नावाचा. ही हाक तेवढी तिची स्वतःची होती.

आणि ती कुणीतरी चोरतंय, असं या वसंतापासून तिला वाटू लागलं होतं.

मुलीकडं गेलेल्या माणसाच्या जागी डेस्मंड आला होता. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. मँचेस्टरकडचा, गुळगुळीत बोलणारा, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. असल्या गोड माणसाच्या पाठीमागं काहीतरी असतंच, हे ग्लेनिसनं पहिल्याच दिवशी क्लिफला सांगून ठेवलं होतं. मग तिच्या लक्षात आलं, की वळणावर बाकीचे तीन पतंग तिच्या पतंगाच्या आधी वळतात. निमिषभरच, पण आधी. तिला वाटलं, माझ्या दोऱ्या कुणीतरी ताणून ढिल्या केल्या. तिनं दुकानाच्या मागच्या आवारात खिळ्याला दोऱ्या अडकवून ओढून बघितल्या. अगदी बरोबर होत्या. पतंगाच्या पोटावर दोऱ्या जिथं अडकवतात ते मंगळसूत्र गाठ न गाठ तपासलं. तेही जागच्या जागी.

मग तिला तो आवाज ऐकू आला. टक. डेस्मंड जीभ टाळूला लावून वाजवायचा. आधी वाटलं, कवळी सैल असेल. पण टक व्हायची ती वळणाच्या आधीच. ग्लेनिसच्या मनात शंकेची पाल तशी बारमाही चुकचुकत असे. आता तर ती शेजारी उभी राहून उघडपणे चुकचुकत होती.

आणखीही गोष्टी होत्या. ती वाळूवर पोचली की मॉइरा बोलता बोलता थांबायची. रेजी उगाच हवेबद्दल बोलायला लागायचा. ब्रॅकन्सीचा माणूस हवेबद्दल बोलायला लागला, की समजावं, काहीतरी लपवतोय.

आज गावचा पतंगमेळा होता. दुपारी बँडचं गाणं लावून चौकडीनं लोकांसमोर खेळ करायचा होता. सकाळी किनारा मोकळा असताना सराव ठरला होता. ग्लेनिस पतंगाची पिशवी खांद्याला लावून निघाली ती मनाशी सापळा रचूनच.

तिघं आधीच आले होते. रेजी वाळूत खुंटी ठोकत होता.

"वारा झकास हाय, पोरी," तो म्हणाला. "दुपारपतूर असाच ऱ्हाईल का गं?"

"तू हवेचं बोलू नकोस माझ्याशी," ग्लेनिस म्हणाली.

"का? हवेनं काय घोडं मारलं?"

"तुमच्या दोऱ्या मी मोकळ्या करून ठेवल्यात, ग्लेनिसबाई," डेस्मंड म्हणाला.

"माझ्या दोऱ्यांना हात कुणी लावायला सांगितला?"

तिनं त्या पुन्हा गुंडाळल्या आणि पुन्हा स्वतः सोडल्या. मॉइरानं रेजीकडं बघितलं. ग्लेनिसनं ते बघणं टिपलं आणि मनात जमा केलं.

चौघं समुद्राकडं पाठ करून ओळीत उभे राहिले. पतंग चढले. चार लाल त्रिकोण पांढुरक्या आभाळात एका रेषेत सरकू लागले. ग्लेनिसनं ओरडून सांगितलं, "उजवीकडं... हां!" वळले. "वर... हां!" चढले. मधे मधे टक, टक. तिनं डोळे बारीक केले. कडा नीट दिसत नव्हत्या, पण आभाळच मेलं तसं होतं, दुधात पाणी घातल्यासारखं.

मग ती म्हणाली, "डावीकडं..."

आणि "हां" म्हणालीच नाही. ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

टक.

तीन पतंग झपकन डावीकडं वळले, जणू एकाच हातात होते. चौथा एकटा सरळ निघाला, वाऱ्याच्या कडेपर्यंत गेला, तिथं त्याच्यातला जीव गेला आणि तो फडफडत वाळूवर आपटला.

ग्लेनिसनं मनगटाचे पट्टे काढून खाली टाकले.

"सापडले!" ती ओरडली. "तिघंही सापडलात! मी बोललेच नाही, आणि तुम्ही वळलात. कुणाच्या हाकेवर वळलात? या मोटारवाल्याच्या जिभेवर?"

तिघांनी पतंग हळूच उतरवले.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून," मॉइरा म्हणाली.

"आणि माझी हाक? मी काय इथं कोंबड्यांना हाका मारत होते?"

"ग्लेन, तुझी हाक मागं पडते गं," मॉइरा म्हणाली. "थोडीशीच. पण पडते. त्यामुळं दोनदा आपल्या दोऱ्या अडकल्या. तुला वाटलं, वारा फिरला."

"वारा फिरलाच होता!"

"न्हाई फिरला," रेजी म्हणाला. "टॉमी सांगत व्हता, ताजं मासं तू माघारी देतीस, डोळ्यावर साय हाय म्हून. लेकी, माशाच्या डोळ्यावरली साय तुला दिसती, मग आपल्या डोळ्यावरली कशी दिसंना?"

ग्लेनिस त्याच्याकडं बघत राहिली. दोन पावलांवर उभ्या असलेल्या रेजीच्या तोंडाभोवतीही तो दुधी उजेड होता. त्याच्यामागं आभाळ नव्हतं, टेकाडावरचं काळपट गवत होतं. तिनं डोळे चोळले. उजेड तिथंच.

"टॉमी आणि तुम्ही, सगळे मिळालेले आहात," ती म्हणाली, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

"आम्ही तुम्हाला सांगणार होतो," डेस्मंड म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस. तुला हाक हवी होती."

"मला नको होती. शिकाऊ माणसाच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तो मी गुपचूप दाबतो. माणसाला वाटतं, आपणच थांबवली. सवय आहे मला, दुसरं काही नाही."

"म्हणजे मी शिकाऊ!"

"अरारा!" रेजीनं कपाळाला हात लावला. "आरं लेका, तू गप ऱ्हायला असतास तर बरं झालं असतं."

मॉइराला हसू आवरेना. तिनं तोंड फिरवलं. ग्लेनिस जाऊन आपल्या पतंगापाशी बसली. काठी मोडली नव्हती. ती बराच वेळ दोऱ्यांतली वाळू झटकत राहिली. मागं तिघं तसेच उभे होते, तिला सोडून पतंग चढवायला कुणी तयार नव्हतं. तिला कळत होतं, आपण म्हटलं, दुपारी हाक मीच देणार, तर हे तिघं मान डोलावणार आणि डेस्मंड टाळूवर टक वाजवणार. लोक टाळ्या वाजवतील. टाळ्या कुणाला, हे मात्र चौघांना ठाऊक असेल. फसवणूक करून घ्यायची तर मग एवढं आयुष्य माणसांवर नजर ठेवण्यात घालवलं कशाला?

ती उठली.

"दुपारी हाक याची," ती डेस्मंडकडं बोट करून म्हणाली. "पण तोंड उघडून. सगळ्या वाळूवर ऐकू जाईल अशी. पाठीमागून चुकचुकायचं नाही, पाल असल्यासारखं."

"आणि तू?" मॉइरानं विचारलं.

"मी शेवटी उभी राहते. तिथनं सगळ्यांवर नजर राहते."

दुपारी किनारा माणसांनी फुलला. बँडचं गाणं सुरू झालं. डेस्मंडनं पहिली हाक दिली ती अशी कापऱ्या आवाजात, की रेजी म्हणाला, "आरं, बायकूला हाक मारतुयास का?" दुसरी मात्र खणखणीत आली. ग्लेनिस ओळीच्या टोकाला उभी होती. पहिल्या वळणाला तिनं मुद्दाम वाट बघितली, हा खरंच वेळेवर म्हणतो की नाही ते ताडायला, आणि तिचा पतंग मागं राहिला. दुसऱ्याला अर्धवट विश्वास ठेवला, पतंग अर्धवट मागं राहिला. ओळीत फट पडली. लोकांना ती दिसत असणार, या विचारानं तिची कानशिलं तापली. तिसऱ्या वेळेला तिनं वर बघायचं सोडलं. खाली वाळूकडं नजर लावली, कान दिला, आणि "हां" आला तसा हात ओढला. गर्दीतून आवाज उठला. मग तिनं तसंच केलं, शेवटापर्यंत. दोऱ्यांमधून तीन पतंगांचा फरफर आवाज आणि त्यात मिसळलेला चौथा तिला ऐकू येत होता.

पतंग उतरले तेव्हा मॉइरानं तिला मिठी मारली. "बघितलंस?"

"बघितलं नाही. तेच तर," ग्लेनिस म्हणाली. मग डेस्मंडकडं वळली. "पाचव्या वळणाला घाई केलीस."

"नाही केली, ग्लेनिसबाई."

"केलीस. मला ऐकू आलं. आणि आता मला ग्लेनिस म्हण. बाई म्हणणारी माणसं मला धड वाटत नाहीत."

"बरं, ग्लेनिस. पुढच्या रविवारी या."

"येणार. तुझ्यावर लक्ष कोण ठेवील?"

तिन्हीसांजेला मेळ्याची गर्दी दुकानावर येऊन गेली. शेवटच्या गिऱ्हाइकामागं क्लिफनं दार लावलं आणि कढईखालची आच बंद केली.

"कसं झालं?" त्यानं विचारलं.

"तुला ठाऊक होतं ना? माझ्या डोळ्यांचं?"

क्लिफनं फडकं पिळून खिळ्याला टांगलं. "वाटत होतं," तो म्हणाला.

"आणि बोलला नाहीस."

"बोललो असतो तर म्हणाली असतीस, क्लिफ, तुला दुकान हवंय."

ग्लेनिसनं त्याला नीट न्याहाळलं. यात काही लबाडी आहे का, ते तिला ठरवता येईना. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लाव," ती म्हणाली. "पण आधी चौकशी कर, कोण आहे, किती जणांचे डोळे घालवलेत त्यानं."

"करतो."

"आणि मॉइराच्या ओळखीचा नको."

मग तिनं फळीखालचं मोठं पातेलं ओढलं, त्यात माशाबरोबर द्यायचे सुके वाटाणे ओतले, हातानं चाचपून खडे काढले, आणि उद्यासाठी भिजत घातले.