थेंबांच्या खोलीतलं गाजर

डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझं ज्यांच्याशी पटलं नाही अशी माणसं मोजायला बसले, तर हातापायांची बोटं पुरायची नाहीत. गाजराशी मात्र पटलं. आणि त्याच्या नोकरीवर पाणी पडायची वेळ आणली ती मीच, म्हणून हे लिहून ठेवते.

गाजर म्हणजे आमच्या थेंबांच्या खोलीतला मदतनीस. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी बाहुली मोठी व्हावी म्हणून डोळ्यांत दर दहा मिनिटांनी औषधाचे थेंब घालतात, ती ही खोली. दोन लांब बाक, जाड पडदे, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. थेंब पडले की उजेड खुपतो आणि समोरचं सगळं विरघळल्यासारखं दिसतं. अशा माणसांना एकेक करून कोपराला धरून ऑपरेशनच्या खोलीपर्यंत न्यायचं, हे त्याचं काम.

त्याचे केस नारंगी होते. मेंदी लावलेल्या माणसासारखे तांबूस वगैरे नाही, तर धुतलेल्या गाजरासारखे, चकचकीत. हौस म्हणावी तर तीही नाही. धाकटी बहीण ब्युटी पार्लरचं काम शिकत होती, तिला सराव करायला डोकं हवं होतं, आणि घरात फुकट मिळण्याजोगं डोकं याचंच होतं. करायचा होता सोनेरी तपकिरी, झालं हे. बहीण दोन तास रडली. हा दुसऱ्या दिवशी टोपी घालून कामावर आला, आणि टोपी घालून आत यायचं नाही म्हणून मोठ्या सिस्टरनी ती काढायला लावली. आख्खा दवाखाना हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

पण त्याच आठवड्यात एक गंमत झाली. आमचा सगळ्यांचा गणवेश फिकट निळा. पाण्याचे जार आणणाऱ्याचाही शर्ट तसाच. याआधी थेंब घातलेले एक आजोबा त्या जारवाल्याच्या मागोमाग थेट कँटीनमध्ये जाऊन बसले होते आणि ऑपरेशन कधी सुरू होणार म्हणून तिथल्या आचाऱ्याला विचारत होते. नारंगी डोकं आल्यापासून असं एकदाही झालं नाही. मग गाजराने पद्धतच पाडली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तपासणीला आलेल्या प्रत्येकासमोर तो मान खाली घालून उभा राहायचा आणि म्हणायचा, ''हे डोकं नीट बघून ठेवा. उद्या बाकी सगळं धुकं होईल, हे दिसेल. या डोक्याशिवाय कुणाच्याही मागे जायचं नाही. कुणी कितीही सांगू दे.''

बहिणीचा सराव संपला, तिला नोकरी लागली, तरी दर महिन्याला ती त्याचं डोकं रंगवत राहिली.

सहा वर्षं तो कंत्राटावर होता. दर अकरा महिन्यांनी सही, दर अकरा महिन्यांनी तीच धाकधूक. शेवटी कायम करायच्या यादीत नाव आलं, आणि नेमके त्याच वेळी नवे प्रशासक आले. त्यांचं नाव आम्ही इस्त्रीसाहेब ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या पँटची घडी बघून भाजी चिरता आली असती. त्यांनी फलकावर कागद लावला: कर्मचाऱ्यांचं रूप संस्थेला शोभेल असं असावं. गाजराला वर बोलावून त्यांनी तेच तोंडी सांगितलं. ''समितीपुढे असे येणार असाल, तर येऊच नका.''

गाजर खाली येऊन माझ्या खिडकीशी उभा राहिला. ''ताई, काय करू?''

विचार करायला मी एक मिनिटही घेतलं नाही. मला म्हातारपणी उपदेश करायची फार खाज. ''काय करू काय विचारतोस? काळे कर. नोकरी कायम झाली की बघ पुढचं.'' नुसतं सांगून थांबले नाही. संध्याकाळी काळा रंग विकत आणला, आणि सामानाच्या खोलीत त्याला स्टुलावर बसवून माझ्या हाताने लावला. आरशात बघून तो एवढंच म्हणाला, ''बाबांसारखा दिसतोय.'' मी म्हटलं, चांगलंच आहे की.

दुसऱ्या दिवशी चार ऑपरेशनं होती. त्या चौघांनाही त्याने आदल्या सकाळी डोकं दाखवून ठेवलं होतं. हे त्याच्या लक्षात राहिलं नाही आणि माझ्याही नाही. दोघांच्या मिळून डोक्यांत एवढा उजेड!

अकराला समिती होती. त्याआधी कायमच्या ओळखपत्रासाठी फोटो काढून झाला, काळ्या केसांचा. मग तो पेशंट न्यायला आला, तर कुणी उठेना. आवाज ओळखून तिघे कसेबसे तयार झाले, तेही कुरकुरत. चौथ्या होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बाकाची कड घट्ट धरून बसल्या.

''आजी, चला. डॉक्टर थांबलेत.''

''तू कोण?''

''मीच. कालचा.''

''कालच्याचं डोकं नारंगी होतं. मी त्याला बघितलंय.''

''केस काळे केलेत, आजी.''

''का?''

यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. दाराशी मी उभी होते. वरून समितीचं दोनदा बोलावणं आलं. डॉक्टर बाराला दुसऱ्या दवाखान्यात जाणार होते. आजींची वेळ चुकली असती तर पुढची तीन आठवड्यांनी. मी त्याला खुणेने सांगितलं, तू वर जा, यांचं आम्ही बघतो. तो हलला नाही. ''मीच सांगितलंय त्यांना, दुसऱ्या कुणाबरोबर जायचं नाही म्हणून. आता कुणाच्या हाती देऊ?'' सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते वरच्या मजल्यावर टेबल मांडून बसलं होतं, आणि हा इथे.

उमेदवार कुठे राहिला बघायला इस्त्रीसाहेब स्वतःच खाली उतरले. सगळं ऐकून ते आजींसमोर वाकले. ''आजी, मी इथला प्रशासक. हाच तो माणूस. मी सांगतो ना.''

''तुम्ही एक पांढरा डाग आहात,'' आजी म्हणाल्या. ''तो एक निळा डाग आहे. डागांच्या मागे मी जात नाही. त्या मुलाने बजावलंय, कुणी कितीही सांगू दे.''

साहेब सरळ झाले.

गाजराने इकडेतिकडे पाहिलं. माझ्या हातात फेरतपासणीची फाइल होती, नारंगी पुठ्ठ्याची. त्याने ती घेतली, उघडली आणि छपरासारखी डोक्यावर पालथी घातली. आतले कागद खाली पडले. तसाच तो आजींसमोर मान खाली घालून उभा राहिला, साहेबांच्या देखत.

आजींनी डोळे किलकिले केले. मग हात पुढे करून त्याचं कोपर धरलं. ''उशीर केलास,'' म्हणाल्या, आणि निघाल्या.

पडलेले कागद गोळा करताना मला रडू आलं. लाजेने आलं. ज्या माणसाचं काम मी सहा वर्षं रोज बघत होते, त्याला मीच दोन तासांत पुसून टाकला होता, आणि वर शहाणपण केलं म्हणून रात्री सुखाने झोपले होते. साहेब कधी खाली बसले मला कळलं नाही. बेसिनखाली गेलेला एक कागद त्यांनी काढून दिला. पँटची घडी मोडली होती.

समिती दुपारी भरली. मी न बोलावता गेले आणि रंग मी लावला हे सांगून आले. साहेबांनी त्याला एकच विचारलं, ''तो नारंगी रंग परत येतो का?'' मग कागदावर सही केली. ओळखपत्रावरचा काळा फोटो तसाच ठेवायचं ठरलं. नियमही राहिला, कामही चाललं. फाटकावरचा पहारेकरी अजून रोज सकाळी म्हणतो, कार्डावरचा माणूस कुठाय?

रंग परत आणायला बहिणीला तीन खेपा लागल्या. पहिल्यांदा चुकून झालेलं आता मुद्दाम जमेना.

चार आठवड्यांनी आजी तपासणीला आल्या. ऑपरेशन झालेला डोळा उत्तम होता. गाजर कुणाला तरी घेऊन चालला होता, त्याला त्यांनी हाक मारून थांबवलं आणि नव्या डोळ्याने बराच वेळ वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

''फार वाईट दिसतात रे हे केस,'' त्या म्हणाल्या.

''हो, आजी.''

''राहू देत. माझा दुसरा डोळा अजून बाकी आहे.''