माह्या लेकाचं सगळ्याले हो

त्या दिवशी कुरखेड्याकडच्या त्या ओसरीत आमी पाच जण होतो. मी, माहा लेक शंकर, पोरीचा बाप, पोरीचा मामा, आन दाराआड पोरगी, वनिता. एक बकरीबी होती. बकरीसुद्धा धरली तरी सगळ्यात कमी अक्कल त्या दिवशी माह्यापाशी होती.

शंकर लहानपणापासून निराळा. कोणाच्या डोळ्यात पाहे नाई, डफडं वाजलं का कान दाबून पळे. सांगतलं तेवढंच करे, पण तेवढं पुरं करे. जरा टोपली धर म्हणलं आन मी इसरली, तं संध्याकाळवरी धरून उभा. धनी लवकर गेले, मी डोक्यावर मासोळी घेऊन गावोगाव फिरली, आन हा गिऱ्हाइकाले सांगे, "हे कालची हाय, घेऊ नोका." लोक येडा म्हणत. लय वर्षांनी तपासणीच्या शिबिरातल्या डाक्टरीनबाईनं सांगतलं, "आजी, तुमचा लेक ऑटिस्टिक हाय." मी म्हणलं, "नाई बाई, आमी जातीनं ढिवर हावो."

पण तेव्हा हे काई मालूम नव्हतं. आधी दोन ठिकाणी पोरगी पाहाले गेलो, दोन्हीकडं यानं खरं बोलून सोयरीक मोडली. एका घरी म्हणे, पोह्यात मीठ नाई. दुसरीकडं पोरीच्या आजीले म्हणे, तुमी लय बोलता. आता हेबी हुकलं तं माह्यामांगं याले कोण पाहीन, हा एकच घोर. म्हणून एस्टीत मी त्याले पढवलं. थे काईबी इचारतीन, तू निस्ता हो म्हणजो, दुसरं काई नाई. तो म्हणे, बरं माय.

सुरवातीले गाडी मस्त चालली. घर सोताचं का? हो. जाळं इणता येते का? हो. मी तं मनातल्या मनात मांडव घालून राह्यली होती.

मंग मामानं सुपारी कातरता कातरता सहज इचारलं, दारू घेता का.

"हो."

(मोहाच्या दारूचा वास आला तरी ओकते तो!)

अडकित्ता थांबला. जुगार? हो. मी कोपर मारलं. त्याले आंगाले हात लावलेला खपत नाई, तो सरकून दूर बसला. मामाले आणखी शंका आली. आधी लगन झालं का? हो. बायको हाय घरी? हो. मी म्हणलं, नाई हो भाऊ, गंमत करते तो. मामानं त्यालेच इचारलं, गंमत करता का. हो.

पोरीचा बाप उठून उभा राह्यला. "एकच सांगा. माह्या पोरीले मारसान का?"

शंकरनं माह्याकडं पाह्यलं. कपाळावर घाम. मी मान हालवून हालवून नाई म्हणून राह्यली, पण त्याले मानेचं समजत नाई, तोंडाचं समजते. बारीक आवाजात म्हणे, "हो."

बापानं आमच्या चपला उचलून बाहेर पायरीवर नेऊन ठेवल्या.

तेवढ्यात वनिता चहा घेऊन बाहेर आली. थाळी ठेवून सरळ त्याच्यापुढं बसली. "तुमी दरखेपी मायकडं पाहून बोलता. सगळ्याले हो म्हण, असं सांगतलं का त्याईनं?"

"हो."

मामा म्हणे, आता हे हो खरं का खोटं? वनिता म्हणे, मामा, चूप. मंग त्याले म्हणे, "मायचं राहू द्या. खरं सांगा. मारसान का?"

"नाई. कोणाले मारलेलं मले पाहावत नाई."

"मी पसंत हावो का?"

यानं लय इचार केला. "मी तुमाले अजून पाह्यलंच नाई," तो म्हणे. "आवाज पसंत हाय. बाकीचं हळूहळू पाहीन."

वनिता हासली, बापाकडं वळली. "बाबा, हा माणूस मले कधी फसवाचा नाई. चपला आत आणा."

लगन डफड्याबिगर झालं, तिनंच सांगतलं तसं. लोक हासले, हासू देले. आजबी लुगडं शोभलं नाई तं तो तोंडावर सांगते, आन शोभलं तं तेबी सांगते, चारचौघात. माह्या धन्यानं मले जनमात सांगतलं नाई.

वाचणाऱ्याले एकच मागणं हाय. तुमच्या घरी असा लेक असन तं त्याचं त्याले बोलू द्या. आन त्याच्या मायले तेवढा वेळ चुलीपाशी बसवा.