समईवरची अकरा नावं

चिंचेने पितळ घासल्याचा वास आला की ती समई आठवते. कुंभकोणमच्या आमच्या फुटबॉल संघाला वर्षानुवर्षं करंडक मिळवून देणारे प्रशिक्षक निवृत्त झाले, तेव्हा पितळी समयांसाठी नावाजलेल्या जवळच्या नाचियार्कोविलहून ती मीच करवून आणली. भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची आपली रीत. मी क्लबच्या अख्ख्या समितीची नावं कोरून घेतली आणि प्रशिक्षकांच्या नावाला जागाच उरली नाही. सत्काराच्या तमिळ गलक्यात त्यांनी अंगठा फिरवत नावं मोजली. मग इथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आम्हा दोघांच्या घरच्या मराठीत हळूच म्हणाले, "अकरा जण. टीम पुरी जाली की रे." ते वारल्यावर त्यांच्या बायकोने समई क्लबला परत दिली. आता ती करंडकांच्या कपाटात असते. नवे खेळाडू नावं वाचून विचारतात, "जिंकलेली टीम हीच का?" समितीत आता मीही आहे. मी मान डोलावतो.