पदराखालची काजळी

मुकादमानं जिनाच्या फाटकातच माह्या डोक्यावरचा पदर ओढला. मागं बायांची रांग, बाजूले बंडीवाले गडी. त्यानं आंगठा थुंकीनं ओला केला, माह्या भांगात घासला अन् सगळ्याईले दाखवला. आंगठा काळा झालता.

"पाहा रे, म्हातारी चुलीची काजळी फासून आली."

गडी हसले. अंगाचा तिळपापड झाला, पण मी पदर परत डोक्यावर घेतला. घरी नवरा खोकून राह्यलता. माह्या रोजीबिगर चूल पेटणार नव्हती.

वर्ध्याच्या त्या कापसाच्या जिनात दर हंगामाले अशीच भरती होये. मुकादम पदर उचलून केस पाहे. पांढरे दिसले की चालती हो. म्हणून आमी बाया एरंडेलात काजळी कालवून लावो. इंग्रज गेले, पण मुकादम तोच राह्यला. मी परकरी पोर होती तवापासून तिथल्या सरकी काढाच्या रेच्यात कापूस घालत आली. कापूस असा उडे का सांजेपर्यंत पोरीसोरींचंबी डोकं पांढरंफेक होये. तवा कोणी वय नाई विचारलं.

मागच्या साली माह्या जोडीच्या शांतीले असंच हाकललं. मग ती बाजारात हात पसरताना दिसे. यंदा दिसली नाई. कुठं गेली, कोणी विचारलंबी नाई.

"काऊन उभी आहे? सरक," मुकादम म्हणाला.

माह्यामागं कौसी होती. माह्याहून बरीच लहान. तिच्या कपाळावरून घामासंगं काळा ओघळ उतरून राह्यलता.

"मावशी, सरक नं वं," ती हळूच म्हणाली.

भोंगा वाजला. कौसीच्या कपाळावरचा तो ओघळ पाहून मले उमगलं. काजळी लावून आमीच कबूल करत होतो, का पांढरा केस म्हणजे गुन्हा.

आग लागली तं विझवाले पाण्यानं भरलेलं पिंप फाटकापाशी होतं. त्यातलं पाणी घेऊन मी तिथंच डोकं धुतलं. काळं पाणी मुकादमाच्या जोड्यापर्यंत गेलं.

"माह्याच्यानं काम होत नसन तं काढ," मी म्हणाली. " केस पाहून काढाचा कायदा कोणता, ते मालकाले इथं येऊन सांगू दे."

"पोलीस बोलावू का?"

"बोलाव."

कौसी मान खाली घालून आत गेली. तिचा राग नाई आला. तिचीबी पाळी येणारच होती. फाटक लागलं, अन् मी त्याच्यासमोर बसली, उघड्या डोक्यानं.

उद्याबी बसीन. परवाबी. आता जो हात माह्या पदराले लागन, तो मी सोडणार नाई.