चाकाखालचा नारळ

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते हसायला, राग मानू नका. आमचं घर बौद्ध, नारळ-लिंबू आमच्याकडे चालत नाही. त्यात मी अंगणवाडी सेविका... लोकांच्या डोक्यातलं खूळ काढता काढता केस पिकले. तरी हे लिहितेय, कारण डोक्यातून जात नाही.

नागभीड तालुक्यातलं आमचं गाव, भर उन्हाळ्यातली दुपार. माझ्या अंगणवाडीत शिकलेल्या सोनूचं लग्न लागलं आणि वऱ्हाड ट्रॅक्टर-ट्रॉलीतून चिमूरकडे निघालं. ट्रॅक्टर चालवणार नवरदेवाचा थोरला भाऊ. तो इतका प्यालेला, की पाय ठेवायचा पायरीवर आणि पडायचा भलतीकडेच. मी सरळ चाकापुढे उभी राहिले, किल्ली मागितली. मुलाकडचे भडकले, आमचा मान ठेवत नाही म्हणाले. सोनूच्या बापाने तर मलाच हात जोडले, की बाई, पोरीले नांदायचं हाये. अरे, नांदायला आधी पोचायला नको?

तेवढ्यात सोनूची आई सिंधूबाई नारळ घेऊन आली. निघताना चाकाखाली नारळ ठेवायची गावात रीत आहे – फुटला की प्रवास सुखाचा. ट्रॅक्टरचं मागचं मोठं चाक नारळावरून गेलं. नारळ तसाच. मागे घेऊन परत चढवलं... तसाच. सरकला असेल म्हणाल, तर खाली सिमेंटचा रस्ता आणि मी हातभर अंतरावर. चाक चढलं, उतरलं, मी डोळ्यांनी पाहिलं.

झालं, बाया भराभर ट्रॉलीतून उतरल्या, सोनूलाही ओढून उतरवलं. माझ्या घसा कोरडा करण्याने जे झालं नाही ते नारळाने केलं. रागच आला मला, खोटं कशाला बोलू! नवरदेव मात्र हसत भावाशेजारी मडगार्डवर बसला, दुसरा ड्रायव्हर घेऊन येतो म्हणाला. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच, ट्रॅक्टर उलटला. नवरदेव जागीच गेला. भावाला साधं खरचटलंही नाही. सासरच्यांनी सोनूला नेलंच नाही, पांढऱ्या पायाची म्हणाले. पिणाऱ्याला कोणी चकार शब्द बोललं नाही.

तो नारळ मी घरी आणला. उंबऱ्यावर एकदाच आपटला, तर दोन भकलं. आत चांगलं गोड पाणी.

तेव्हापासून आमच्या भागात ड्रायव्हरला किती घेतली हे कोणी विचारत नाही. नारळ ठेवतात, फुटला की बसतात. यंदा सिंधूबाईच्या पुतण्याची वरात होती. ड्रायव्हर गावातलाच, सकाळपासून लावून बसलेला. मी ओरडून ओरडून थकले, लोक नारळाकडे बघत होते. पहिल्याच फटक्यात फुटला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, खोबरं वाटलं. मी ट्रॉलीतल्या सिंधूबाईचा हात धरला, उतर म्हटलं. तिने शांतपणे हात सोडवून घेतला.

"बाई, फुटला ना? मंग काऊन भेता?"

त्याच पाळीवर... सिंधूबाईला ट्रॉलीखालून काढलं तेव्हा तिच्या मुठीत खोबऱ्याचा तुकडा होता. माझ्याच हाताने सोडवला.

पहिला नारळ का फुटला नाही, हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर सांगा. दुसऱ्याचं मला काही कोडं नाही. नारळ होता, फुटला.