निशिकांतची हवेत वाजणारी पेटी

निशिकांत टिपणीस बँकेत ऑडिटर होता, पण हातात सोल्डरिंग गन आली की त्याची तहानभूक हरपायची. २००६ साली त्याला थेरेमिनने झपाटलं. ऐंशीएक वर्षांपूर्वी एका रशियन शास्त्रज्ञाने शोधलेलं हे विजेवरचं वाद्य म्हणजे एक पेटी आणि तिच्यावर उभी दांडी. दांडीसमोर नुसता हवेत हात हलवायचा; जवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. सिंगापूरला सेरंगूनच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल त्याने तारांनी भरून टाकलं. पहिल्या दोन पेट्या शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारख्या ओरडल्या. तरी गडी हटला नाही, कारण वाद्य सुचित्रासाठी होतं.

सुचित्रा, त्याची बायको, सुरेख गायची. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर गळ्यात कुजबुज तेवढी उरली आणि तिने तानपुऱ्यावर खोळ चढवली ती चढवलीच. तिसरी पेटी जमली तेव्हा मात्र ती हळूच तिच्यासमोर उभी राहू लागली. खंडेनवमीला चार माणसांपुढे वाजवायलाही कबूल झाली. आज नाही तर कधीच नाही, हे निशिकांत ओळखून होता.

आणि आनंदाच्या भरात त्यानेच घोळ घातला. अवजारांच्या पूजेत झेंडूचा ओला हार त्याने थेट चालू पेटीच्या दांडीला घातला. पेटी किंचाळली. तो हार काढायला धावला, तर शेजारच्या अरुणावहिनी आडव्या आल्या.

"भाऊजी, पूजा झाली. आज वाद्याला हात लावायचा नाही."

निशिकांतचं तोंड एवढंसं झालं.

"बट आंटी, आई तर टच करतच नाही ला," लेक श्रिया आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

सुचित्रा हसली आणि पुढे झाली. हाराने सगळं गणित बिघडवलं होतं. रोजच्या जागी सा नव्हताच. ती एक पाऊल मागे सरली, मग आणखी एक. डोळे मिटून बोटांनी हवा चाचपत राहिली. पार सोफ्याला टेकली तेव्हा कुठे सा सापडला.

मग भूप असा उमलला की वहिनी हातातलं तबक ठेवायचंही विसरल्या. पंचमावरून गंधारावर उतरताना सुचित्रा पूर्वी एक हलकासा झोका घ्यायची, तोच पेटीतून आला. तो तिचाच आवाज होता, दुसऱ्या कुणाचा नव्हे. निशिकांत लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. सुचित्राने डोळे वटारून त्याला गप्प केलं; तिची द्रुत बंदिश अजून बाकी होती.