कढीपत्त्यावरची फुलपाखरं

लग्न होऊन आजऱ्याहून कोल्हापुरात आले, तेव्हा माझ्या बॅगेत रंगांची पेटी आणि दोन वह्या होत्या. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. दुपारी कामं उरकली, की कॅलेंडरवरची, बिस्किटाच्या डब्यावरची फुलपाखरं बघून मी चित्रं काढायची आणि वही साड्यांखाली लपवायची. सासूबाई पहाटेपासून म्हशींमागे राबायच्या. त्यांना हे रिकामपणाचे उद्योग वाटतील, अशी धास्ती होती.

एकदा वही त्यांच्या हाती लागलीच. पानं उलटत म्हणाल्या, "रंग झ्याक दिलाईस. पर ही समदी मेलीली वाटत्यात की गं. जितं बघून काढ."

"जितं एका जागी बसतंय कुठं, आत्या?"

त्यांनी मला परसात नेलं. कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या पानं खात होत्या. एरवी त्या वेचून कोंबड्यांना टाकायच्या. त्या दिवसापासून त्यांनी एकही अळी टाकली नाही. आमटीसाठी कढीपत्ता मंडईतून यायला लागला.

"दारात झाड असून इकत आणायचा?" मामंजी कुरकुरले.

"पोरीचं काम चाललंय तितं," आत्या म्हणाल्या.

काम! माझ्या चित्रांना तोवर कुणी काम म्हटलं नव्हतं.

पहिला कोश आमच्या नकळत फुटला. नुसतं टरफल उरलं. दुसऱ्यावर त्या येता-जाता नजर ठेवून होत्या. एका सकाळी परसातून त्यांची हाक आली, "पळ लवकर, भायेर येतंय!" मी पिठाच्या हातानंच धावले. ओले, चुरगळलेले पंख घेऊन ते कोशाला लोंबकळत होतं.

"भाकरी मी थापते. तू बस हितं."

"मामंजी जेवायचेत अजून."

"ऱ्हातील थोडा येळ."

मी हात पुसून वही आणली. पंख हळूहळू उलगडत गेले. ते उडून जाईपर्यंत मी काढत राहिले. रेघा वाकड्या गेल्या, पण चित्रातलं फुलपाखरू पहिल्यांदाच जितं वाटलं.

पुढे दहा-बारा वर्षांनी मुलीच्या शाळेत माझी चित्रं लावली, तेव्हा आत्या नवं लुगडं नेसून आल्या. मी कोपऱ्यात अवघडून उभी. त्या मात्र चित्रापाशी थांबलेल्या एका गृहस्थांना सांगत होत्या, "पावणं, जरा जवळ येऊन बघा की. पंखावरला ठिपका पांढरा न्हाय, सायीवानी हाय. आमच्या सुनंनं परसात बसून काढलंय."